बाळकृष्णाचा नवा हात

"देवालापण गरम पाणी?" तृप्तीच्या तोंडून निघून गेलं.

"मंग? आज पहिली आंघोळ हाय. आपण कढत पाणी घ्यायचं आन् देवाला गार व्हय?" तिच्या सासूबाई, उषाबाई, देव्हाऱ्यापुढं पाट ओढत म्हणाल्या. "जल्दी आण. फटाके वाजायच्या आत देव न्हाले पाह्यजेत."

लग्नानंतरची पहिली दिवाळी तृप्तीनं दिवाळसणाला माहेरी काढली होती. परतूरच्या या घरात नरक चतुर्दशीला देवांनाही तेल-उटणं लावून गरम पाण्यानं न्हाऊ घालतात, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. माहेरचे देव बारा महिने गार पाण्यातच न्हायचे.

आणि त्या देवांत तो बाळकृष्ण होता. संगमरवरी, मूठभर, रांगणारा, एक हात वर केलेला. उषाबाईंना लग्नात त्यांच्या आईनं दिलेला. आता त्या माहेरात कोणी उरलं नव्हतं. घरही विकलं गेलं. राहिला होता तेवढा हाच. दिवाळीची साफसफाई करताना नेमका तोच तृप्तीच्या हातून निसटला आणि त्याच्या वर केलेल्या हाताचा फरशीवर चुरा झाला. घरात तेव्हा कोणी नव्हतं, म्हणून ती वाचली.

खंडित देव घरात ठेवायचा नाही, हा सासऱ्यांचा, पुंजारामांचा, कडक नेम. गणपतीची सोंड जराशी टवकली, तर त्यांनी त्याच दिवशी त्याला दुधना नदीत सोडलं होतं. मग काय, तृप्तीनं आपल्या छंदाचा डबा काढला. त्यात साबुदाण्यासारखे प्लॅस्टिकचे पांढरे दाणे होते. गरम पाण्यात टाकले की काचेसारखे आरपार दिसतात, कणकेसारखे मऊ होतात. हवा तो आकार द्यायचा. गार झाले की पुन्हा पांढरेशुभ्र आणि कडक. त्या दाण्यांच्या तिनं चिमण्या केल्या होत्या, बैलजोडी केली होती. आता देवाचा हात केला. आपल्या माहेरच्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण डोळ्यांपुढं आणला आणि मुठीत चांगला गरगरीत लोण्याचा गोळा ठेवला. हात असा बेमालूम बसला, की तिचं तिलाच नवल वाटलं. तेव्हापासून उषाबाई रोज त्याला गार पाण्यानं न्हाऊ घालत होत्या आणि ही बाई रोज जीव मुठीत धरून बघत होती. त्या काही बोलल्या नाहीत. सुटलो एकदाचे, असं तिला वाटलं होतं.

कुठलं सुटणं! ते दाणे गरम पाण्यात पुन्हा मऊ होतात. उन्हाळ्यात तिनं केलेला पोपट उषाबाईंनी धूळ निघावी म्हणून कढत पाण्यात बुचकळला, तर त्याचा पार लगदा झाला होता. तेव्हा दोघी हसून हसून बेजार झाल्या होत्या. आज कोण हसणार?

"तृप्ती! झोपून राह्यलीस का काय?"

तिनं पातेलं उचललं. घाईत पाणी हिंदकळून पायावर सांडलं. चटका बसला तरी ती तशीच पुढं निघाली. वाटेत तांब्याभर गार पाणी मिसळावं म्हटलं, तर पुंजाराम मोरीच्या दारातच उभे. मग ते तिच्या मागोमाग येऊन देव्हाऱ्यासमोर मांडी घालून बसले.

अन्नपूर्णा न्हाली. खंडोबाचा टाक न्हाला. ताम्हणातून वाफा निघत होत्या. उषाबाईंनी बाळकृष्ण हातात घेतला, तेल लावलं. त्यांचं बोट त्या नव्या हातावरून फिरत लोण्यापाशी थांबलं. सांगून टाकावं, पाय धरावेत, असं तृप्तीला वाटलं. पण शेजारीच पुंजाराम बसले होते. उषाबाईंनी गरम पाण्याचा तांब्या उचलला. तृप्तीनं डोळे गच्च मिटले.

"हे घे. गार पाणी आण."

तिनं डोळे उघडले. उषाबाईंनी तांब्या रिकामा करून तिच्यापुढं धरला होता.

"अगं, दरसाल तर गरमच घालतीस की!" पुंजाराम म्हणाले.

"औंदा गार. लेकरू हाय, चटका बसंल त्याला. तुम्ही दारात पणत्या लावा जा बरं."

ते पुटपुटत उठले. तृप्तीनं पाणी आणलं. उषाबाईंनी बाळकृष्णाला निवांत न्हाऊ घातलं, पदरानं टिपलं आणि सुनेकडं न बघता हळूच म्हणाल्या,

"माझ्या आईनं दिला तवा याच्या मुठीत असंच लोणी व्हतं. पुसून पुसून मीच ते झिजवलं, मूठ रिकामी झाल्ती बिचाऱ्याची. इतक्या वर्षांनी लेकराच्या हाती लोणी आलंय, आन् ते मी त्या पोपटावानी वितळू देऊ व्हय?"