स्पेनवरचा शेवटचा लेख

पलंगाशेजारी उसाच्या रसाचा पेला होता. बायको पुस्तकाचा शेवटचा लेख तोंडी सांगत होती आणि मी उतरवून घेत होतो. माद्रिदच्या भारतीय वकिलातीत अधिकारी असताना तिनं स्पेनवर लिहायला सुरुवात केली होती.

तिला कॅन्सर होता. आम्ही तिला कावीळ सांगितली होती आणि मुलीलाही मी गप्प राहायला बजावलं होतं.

"लिहा. हुकूमशहा गेल्यावर तिथल्या पक्षांनी ठरवलं, यादवी युद्धातल्या हत्यांचा विषय काढायचा नाही. माणसं खड्ड्यांत पुरलेलीच राहिली."

"राजदूतबाई, जरा दमानं."

"तुमच्या हाताला गंज चढलाय," ती हसून म्हणाली. "पुढे लिहा. घरांतही तेच. आजाऱ्याला आजाराचं नाव सांगत नाहीत. त्याला ते कळलेलं असतं. घरच्यांना त्रास नको म्हणून तोही विचारत नाही."

माझं पेन थांबलं.

"लिहा की. स्पेनचंच आहे."

मी लिहिलं. मग पेला तिच्या हातात दिला. काविळीला रस चांगला, म्हणालो.

"हो ना," म्हणत तिनं तो संपवला.

ती गेली, त्या सकाळीही मी रस आणला होता.