गायब करणारी टोपी

धाकटा म्हणजे नुसती भित्री भागूबाई. दारात पाहुणा दिसला की स्वारी पलंगाखाली! शेवटी ताईनं आईच्या शिलाई मशीनखालच्या चिंध्या गोळा करून त्याला एक टोपी शिवून दिली. "जादूची आहे. घातलीस की तू कुणालाच दिसणार नाहीस."

तेव्हापासून टोपीशिवाय तो उंबरठा ओलांडेना. न्हाव्यानं तर त्याच्यापुढे हात टेकले.

शाळेच्या कार्यक्रमात ताई कविता म्हणायला उभी राहिली आणि पहिल्याच ओळीला तिची दातखीळ बसली. सगळं सभागृह तिच्याकडे टक लावून बघत होतं. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं.

तोच धाकटा धडपडत पायऱ्या चढून वर आला. टाचा उंचावून त्यानं आपली टोपी ताईच्या डोक्यावर चढवली आणि तिच्या कानात पुटपुटला, "आता तू कुणालाच दिसत नाहीस. म्हण बिनधास्त."

"अरे, पण मग तू?"

"मी दिसतोय गं सगळ्यांना," तिचा हात घट्ट धरून तो म्हणाला, "म्हणून तू जरा भरभर म्हण."