डावा मागचा कोपरा

जुन्या जीपला उंच स्प्रिंगा बसवायला गॅरेज कशाला हवं? आपलं अंगण, आपले पाने, आणि दुपारच्या जेवणाआधी मी काम फत्ते केलं.

बायकोने टेप धरला. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं. तीन कोपरे चोख होते. डावा मागचा मात्र दोन इंच खाली.

"ती स्प्रिंगच मऊ निघाली असेल," ती म्हणाली.

मी काही कच्च्या गुरूचा चेला नाही. मागच्या दोन्ही स्प्रिंगांची अदलाबदल केली. दोष स्प्रिंगमध्ये असला, तर तो आता उजवीकडे जायला हवा.

पुन्हा मोजलं. डावाच खाली.

"मागे कुणी बसलंय का हो?" बायको हसली.

मलाही हसू आलं. मागचं दार उघडून मी रिकाम्या बाकापुढे अदबीने वाकलो. "उतरा महाराज, गाडी तयार आहे."

जीप किंचित हलली. डावा कोपरा सावकाश वर आला आणि उजव्याच्या बरोबरीत थांबला.

"बघ, बसली की नाही जागेवर!" मी ऐटीत वळलो.

टेप छातीशी धरून बायको भिंतीला चिकटली होती, अरुंद जिन्यात समोरून येणाऱ्याला वाट देतात तशी.