मांडवातला कोंबडा

“हे म्हणे नाचणं! नुसती जमीन तुडवायची,” फाबियान म्हणाला आणि बुटावरची धूळ रुमालानं झटकली.

शेजारी बसलेली त्याची आई, त्रान्सितो, नाच बघत होती. इलारियोकाकांच्या अंगणात पुठ्ठ्याच्या उंच काळ्या टोप्या घातलेले पुरुष रिंगण धरून पाय आपटत होते. बासऱ्या, शिट्ट्या, धुळीचा लोट. मध्येच रिंगण उलटं फिरायचं आणि पुन्हा तेच सुरू. फाबियानही विशीपर्यंत याच रिंगणात नाचला होता, पण राजधानीत, कीतोमध्ये मोबाइलचं दुकान टाकल्यापासून त्याला या सगळ्याची शिसारी येऊ लागली होती. तिथे गेल्या गेल्या त्यानं गावातले सगळे पुरुष राखतात ती वेणीही कापून टाकली. गावातल्या बायका त्याच्या उघड्या मानेकडे बघत शालीआड हसत होत्या. हसेनात का! अडाण्यांच्या हसण्याला किंमत ती किती द्यायची?

बापाला पुरून गेला होता, तो नऊ वर्षांनी परत आला होता. तेही जमीन विकायला. डोंगराखालची सगळी शेतं गुलाबवाल्या कंपनीनं घेऊन प्लास्टिकखाली घातली होती. मधोमध त्याच्या आईचा मक्याचा तुकडा तेवढा उरला होता. भाव झकास आला होता. उद्या सौदा करायचा, आईला कीतोला न्यायचं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत ठेवायचं, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. “आधी सान हुआनचा सण तर होऊ दे,” एवढंच ती म्हणाली होती. त्यानं तोच होकार धरला.

नाच थांबला. एक बाई चिचा, म्हणजे मक्याची आंबवलेली दारू, घेऊन फिरू लागली. भोपळ्याचं भांडं तिनं फाबियानपुढे धरलं.

“घ्या की साहेब. लहानपणी चोरून प्यायचात, विसरलात वाटतं?”

“एकाच भांड्यात साऱ्या गावाची थुंकी,” फाबियाननं नाक मुरडलं. “तुम्हालाच लखलाभ.”

आईनं हात पुढे करून तेच भांडं तोंडाला लावलं आणि रिकामं करून परत दिलं.

मग सगळे मांडवाखाली जमले. बांबूच्या मांडवाला अननस, केळ्यांचे घड, पाव, दारूच्या बाटल्या लटकवल्या होत्या. मधोमध पाय बांधलेला एक जिवंत कोंबडा लोंबत होता. यंदाचे यजमान इलारियोकाका बाकावर चढले.

“एक घ्याल तर पुढल्या सान हुआनला दोन आणून टांगायचे!” ते ओरडले. “आणि कोंबडा घेईल त्यानं बारा! आहे का कुणाच्यात धमक?”

“एका मरतुकड्या कोंबड्यापायी बारा,” फाबियान आईच्या कानाशी लागला. “वर्षभर पोसायचे, म्हणजे घरचा मका हवा, अंगण हवं. अक्कल तेवढी नको! हे लोक भिकारीच राहणार.”

कुणी पाव घेतला, कुणी अननस. घेणाऱ्याचं नाव काका मोठ्यानं पुकारत होते. कोंबड्याकडे मात्र जो तो एकदा बघायचा आणि मान खाली घालायचा.

आई उठली. घरी जायचं असेल, असं वाटून फाबियाननं गाडीची किल्ली काढली. पण ती गर्दीतून वाट काढत थेट बाकापाशी गेली.

“तो कोंबडा दे,” ती काकांना म्हणाली.

फाबियान लोकांना ढकलत पुढे घुसला.

“काका, ऐकू नका तिचं! म्हातारपणी डोकं फिरलंय. उद्या ती माझ्याबरोबर चाललीय. जमीन विकलीय आम्ही.”

“कुणी विकली?” आईनं विचारलं. तिनं त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

लोक खो खो हसले. ज्यांना तो माणसांत धरत नव्हता, तेच आज त्याला हसत होते. त्याची कानशिलं तापली.

“चार पावलं टाकलीस तर धाप लागते तुला!” तो ओरडला. “पुढच्या सान हुआनला तू असशील तरी का? मग बारा कोंबडे कोण आणणार?”

बोलून गेल्यावर त्यालाच ते बोचलं, पण तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नव्हता. काकांनी शांतपणे दोरी कापली आणि कोंबडा आईच्या हातात दिला.

“कोण म्हणजे? आई नसली तर मुलानं आणायचे,” ते म्हणाले. “तुझा बाप असाच कोंबडा घेऊन वर्षाच्या आत गेला. त्याचे बारा हिनंच आणले. तेव्हा तुला निरोप धाडला होता. तू काही आला नाहीस.”

सगळं अंगण फाबियानकडे बघत होतं. आईनं फडफडणारा कोंबडा काखेत घट्ट धरला आणि मुलाकडे मान वळवली.

“म्हणून तर घेतला,” ती म्हणाली. “मी जिवंत असताना फिरकला नाहीस. मेल्यावर तरी येशील.”