नावेतल्या फळ्या

“किती भरलं?” कय्यूमनं विचारलं.

टेपचं एक टोक त्यानं नावेच्या कडेला अंगठ्यानं दाबून धरलं होतं. दुसरं दयारामच्या हातात होतं. दयारामनं टेप डोळ्यांजवळ नेला. पिवळ्या पट्टीवरचे काळे आकडे एकमेकांत मिसळून गेले होते.

“एकेचाळीस,” तो अंदाजानं म्हणाला.

“पक्कं?”

“पक्कं.”

कय्यूमनं खिशातली पेन्सिल काढून त्याच्यापुढं धरली. मग म्हणाला, “फळीवर रेघही तूच मार.”

दयारामनं कशीबशी रेघ ओढली. सकाळपासून हे असंच चाललं होतं. कय्यूम म्हणायचा, चौदाचा पाना काढून दे. फळीले गाठ आहे का पाह्य. तो काहीतरी शोधतोय असं दाखवत चाचपडत राहायचा, आणि कय्यूम वाट पाहायचा.

वीस वर्षं दोघं या धरणावर एकाच नावेतून मासे धरत होते. कय्यूम मागं बसून वल्हवायचा, दयाराम पुढं बसून वाट सांगायचा. धरण भरलं तेव्हा बाभळीचं अख्खं बन पाण्याखाली गेलं होतं. उन्हं तापली, पाणी उतरलं, की त्या खोडांचे शेंडे पाण्याच्या वीतभर खाली येऊन राहायचे. वरून काही कळायचं नाही. ॲल्युमिनियमची नाव जुनी, पत्रा जागोजागी ठिगळलेला. तो फाटायला एक धडक पुरे होती.

आता उन्हाळा होता, आणि गेल्या पावसाळ्यापासून दयाराम ‘डावं’, ‘उजवं’ हे निव्वळ आठवणीनं सांगत होता.

जाळ्यासाठी सुताचं बंडल आणतो म्हणून तो खामगावला गेला होता, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली सांभाळा. तो सूत घेऊन घरी आला. बायकोनं, जनकाबाईनं, उशीर काऊन झाला विचारलं, तर गाडी चुकली म्हणाला. तिला खरं सांगितलं नाही. कय्यूमला तर नाहीच. पुढं बसणाऱ्याला दिसत नसेल तर त्याला नावेत कोण ठेवील?

मागच्या आठवड्यात नावेच्या तळाच्या आडव्या पट्टीत पाय अडकून तो जाळ्यावर आडवा झाला. कय्यूमनं विचारपूससुद्धा केली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र वरवट बकाल गावाहून प्लायवुडच्या फळ्या घेऊन आला.

“तळ सपाट करू,” म्हणाला. “पाय अडकून कोनी धरनात गेलं तं? पानी उपसायचं असलं का फळ्या काढता येतीन.”

‘कोनी’ म्हणजे कोण, हे दयारामला कळलं होतं.

फळी कापून झाली. खाली पत्र्याला घासू नये म्हणून कय्यूमनं सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे लावले आणि ती बसवली. एका बाजूला चार बोटं फट राहिली.

कय्यूमनं त्या फटीवरून हळूहळू हात फिरवला.

“एकेचाळीस म्हटलं होतं ना तू?”

“हाव.”

“मंग?”

दयाराम उगाच करवत उचलून बाजूला ठेवू लागला. कय्यूमनं शिवी हासडली असती तर बरं झालं असतं. त्यानं पुन्हा माप घेतलं नाही, वाद घातला नाही. एक उरलेली पट्टी चाचपून फटीत ठोकली आणि पुढच्या फळीला लागला.

दुपारी कय्यूमची बायको बानो भाकरी घेऊन आली. जाताना दयारामजवळ थांबली.

“भाऊ, तुम्ही पुढं असता म्हनून मले घोर नाही,” ती हळूच म्हणाली. “ह्यांले सांभाळून आना.”

दयारामनं हातातली भाकरी फडक्यात परत गुंडाळली.

फळ्यांना कड्या लागल्या तेव्हा वारा सुटला होता.

“चाल, एक चक्कर मारून पाहू,” कय्यूम म्हणाला.

“वारं आहे. उद्या पाहू.”

“काऊन? तू पुढं बसशीन ना?”

दयाराम उठला. सपाट फळ्यांवरून सरळ पुढं चालत गेला आणि आपल्या जागी बसला. नाव पाण्यात सरकली.

“सांग.”

“सरळ.”

वल्ही पडत राहिली. काठावरचे आवाज मागं गेले. समोर नुसता पांढरा लखलखाट होता. इथं कुठंतरी ते दोन फांद्यांचं दुबेळकं खोड असायला हवं होतं. की ते मागं गेलं?

फळ्यांखालून खर्रकन आवाज गेला. तळवे थरारले.

“सांग बे!”

“उजवं… उजवं घे.”

नाव वळली आणि पुन्हा घासली, या वेळी जोरात. फळ्यांखाली पत्रा कण्हल्यासारखा वाजला.

“डावं का उजवं? बोल ना!”

दयारामनं नावेची कड घट्ट धरली. बानोचं दुपारचं बोलणं तेवढं त्याच्या मनात आलं.

“थांब!” तो ओरडला. “वल्हे उचल, कय्यूम. मले दिसत नाही.”

वल्ही वर आली. त्यांच्यावरून पाणी ठिबकत राहिलं. वाऱ्यानं नाव हळूहळू फिरायला लागली. काठ कोणत्या बाजूला राहिला, ते दयारामला आता सांगता आलं नसतं.

“कवापासून?” कय्यूमनं मागून विचारलं.

“पावसाळ्यापासून. तुले तं मालूमच होतं. सकाळपासून माही परीक्षाच घेऊन राह्यला ना तू?”

मागं वल्ही फळ्यांवर पडली. मग फळ्यांवरून कोणीतरी रांगत येत असल्याचा आवाज झाला. कय्यूमचा हात चाचपडत आधी बाकाला, मग दयारामच्या खांद्याला लागला आणि तिथंच घट्ट आवळला.

“परीक्षा नाही बे,” तो म्हणाला. “मले टेपच दिसत नव्हता. दोन वर्षं झाले, मी तुह्याच डोळ्यानं नाव चालवून राह्यलो.”