पाच हजारावी सही

"एक सही कमी पडतेय," निवडणूक अधिकारी खोब्रागडे म्हणाले. राष्ट्रपती आता थेट जनताच निवडत असे. अपक्ष उभं राहायचं तर प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. इथे पाच हजार मतदारांच्या सह्या लागत. मुदत आज पाचला संपणार होती.

उमेदवार शशिकलाताईंनी सह्या तपासणाऱ्या यंत्राचा पडदा आपल्याकडे वळवला. बाद झालेली सही भीमराव मेश्रामची होती. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मतदानाच्या दिवशी हयात नसेल.' दवाखान्याच्या नोंदी आणि घरच्या विहिरीच्या पाण्याचे अहवाल वाचून यंत्र हे ठरवत असे. मतदान आठ महिन्यांवर होतं.

भीमराव दारातच उभा होता. महिनाभर गावोगाव हिंडून या सगळ्या सह्या त्यानंच गोळा केल्या होत्या.

"त्याला सांगू नका," खोब्रागडे हळू आवाजात म्हणाले. "कारण फोडलं तर अर्जच रद्द होतो."

"किती कमी आहेत, ताई?" भीमरावनं विचारलं.

शशिकलाताईंनी घड्याळाकडे पाहिलं. "एक."

"एवढंच ना! पोरीची आणतो. मागच्याच महिन्यात अठरा वर्षं पूर्ण झाली तिला."

अर्ध्या तासात तो धापा टाकत परतला. खोब्रागडेंनी कागद यंत्राखाली सरकवला. तोच शेरा आला.

शशिकलाताईंनी पडदा भिंतीकडे फिरवला. भीमरावला वाटलं, सही नीट आली नसेल.

"पहिलीच वेळ आहे, हात थरथरला असेल तिचा," तो म्हणाला. "थांबा ताई, पाच वाजायला वेळ आहे अजून. बायको घरीच आहे."