ब कशाचा?

मोर्च्याचा मुक्काम नाशकात होता, म्हणून वडील तिच्याकडे जेवायला आले. सगळ्यांना जमिनीचे पट्टे हवे होते. सुरगाण्यातल्या या गुरुजींना पाड्यावरच्या पोरांचे पहिलीचे धडेही त्यांच्याच बोलीत हवे होते. जेवण होताच पाठकोऱ्या लग्नपत्रिकांवर ते अक्षरं रंगवू लागले. “ब कशाचा गं?” “बदकाचा, पप्पा.” शहरातल्या वसतिगृहात मुली तिच्या बोलीला हसल्या, तेव्हापासून वडलांना मारायची घरची हाक तिनं सोडली होती. “आपले डोंगरात बदक कठं आहा? तूच सोध,” म्हणत ‘ब’ची पत्रिका तिच्या हाती ठेवून ते निघाले. कसारा घाट उतरताना ते कोसळले आणि उठले नाहीत. बोलीतल्या धड्यांची मागणी मान्य झाली. दिवसकार्य आटोपून ती एकटीच त्यांच्या वर्गावर गेली. तिनं पोरांपुढे ‘ब’ची पत्रिका उंच धरली. “बाई, चित्र नाय? कशाचा ब?” कुणी ओ देणार नव्हतं. ती मोठ्यानं म्हणाली, “बा.”